शर्यत नेमकी रविवारीच

हौशी धावपटूंच्या शर्यती रविवारी का असतात, याला साधं कारण आहे. त्या दिवशी कचेऱ्या बंद, रस्ते अडवले तरी फारशी ओरड होत नाही, आणि धावणाऱ्यांनाही सुट्टी. आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांत मात्र रविवार आधीच दिलेला असतो. सकाळची मिस्सा, आणि मी गायनमंडळात असल्यामुळे मिस्सेच्याही अर्धा तास आधी चर्चमध्ये. मी धावायला लागले तेव्हा आईने गुडघ्यांची चौकशी केली नाही. तिचा प्रश्न एकच होता : "आणि मिस्सेचं काय?"

मी बँकेत नोकरी करते, रोज लोकलने चर्चगेट गाठते आणि वर्षातून एक-दोन हाफ मॅरेथॉन धावते, म्हणजे २१.०९७ किलोमीटर. बक्षिसाशी माझा संबंध नाही. तरीही लोकांना उत्सुकता असते की नोकरी, गोतावळा आणि चर्च सांभाळून हे बसवते कुठे.

रविवारच्या शर्यतींचा विषय निघाला की कुणीतरी एरिक लिडेलचं नाव काढतंच. 'चॅरिअट्स ऑफ फायर' हा १९८१चा चित्रपट बराचसा त्याच्यावर. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून हा स्कॉटिश धावपटू ती धावलाच नाही. चित्रपटात त्याला हे पॅरिसला निघताना, बोटीवर चढता चढता कळतं. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी हाती आलं होतं. ते महिने त्याने ४०० मीटरच्या तयारीत घालवले आणि ११ जुलैला, शुक्रवारी, ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. २०० मीटरचं कांस्य वेगळंच. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला, आपल्या जन्मभूमीत, परतला आणि १९४५मध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारला. प्रवचनात त्याचा त्याग सांगतात, तो खराच आहे. पण नोकरी करून धावणाऱ्या माणसाने त्याच्याकडून घ्यायचं ते दुसरंच : तारीख आधी बघितली, नकार आधी कळवला आणि उरलेले महिने कामाला लावले.

लिडेलच्या परंपरेत रविवारी खेळणंच वर्ज्य होतं. आम्हा कॅथलिकांचं तसं नाही. रविवारी पळायला हरकत नाही, मिस्सा चुकवायला आहे. त्यातही १९८३च्या धर्मविधिसंहितेनुसार आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. त्यामुळे शर्यतीच्या आधीचा शनिवार माझ्यासाठी ठरलेला असतो : संध्याकाळची मिस्सा, घरी येऊन वरणभात, नऊला झोप. गायनमंडळाच्या बाईंना महिनाभर आधी सांगून ठेवते. त्या दोन वाक्यं सुनावतात आणि माझ्या जागी दुसरीला उभी करतात.

पोटाचा हिशेबही आहे. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी एक तास काही खायचं नाही, पाणी चालतं. हा एका तासाचा नियम १९६४पासूनचा. १९५३पर्यंत मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेता येत नसे. माझ्या आजीने तसं पाळलं आहे. तेव्हाच्या नियमांत पहाटे पंधरा किलोमीटर पळून कुणी मिस्सेला उभं राहिलं असतं, तर प्रवेशगीतालाच आडवं झालं असतं. आता पळणं संपलं की जागीच वसईचं केळं खाते, घरी अंघोळ करते, आणि प्रसादापर्यंत तास सहज उलटून जातो.

आता सराव. सगळ्यांना वाटतं की रोज जीव तोडून पळायचं असतं. तसं नसतं. आठवड्यातलं बहुतेक धावणं हळूच करायचं, इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं. मी एकटी पळते तेव्हा जपमाळ म्हणते. 'नमो मरिया' धाप न लागता पुटपुटता आली, तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की पाय आवरायचा. मनगटावर महागडं घड्याळ बांधणाऱ्या मित्रांना हे पटत नाही, पण त्यांचंही घड्याळ शेवटी तेच सांगतं.

वेगाचा सराव आठवड्यातून एकदा पुरतो. खरं महत्त्व लांब पल्ल्याचं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरात पळताना साधारण दीड-दोन तास पुरते. शरीराला चरबी जाळायची सवय मुख्यतः हळू, लांब धावण्याने लागते. पण हा पल्ला दर आठवड्याला वाढवत नेला की नडगी किंवा टाच बोलायला लागते. म्हणून वाढवायचा, मग एखादा आठवडा कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. झीज भरून निघते ती विश्रांतीत.

इथे माझ्या मदतीला धर्म आला नाही, बँक आली. सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. मी मोठा पल्ला त्या शनिवारांना ठेवते. कधी कळंबच्या किनाऱ्याकडे, कधी वाड्यांमधल्या सावलीच्या रस्त्यांनी निर्मळपर्यंत. बाकीच्या आठवड्यांत पल्ला छोटा, तो रविवारी पहाटे मिस्सेआधी उरकते. वाढवण्याचे आणि कमी करण्याचे आठवडे असे आपोआप पडतात.

गाडी अडते ती डिसेंबरात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. सर्वांत लांब पल्ला शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी करायचा असतो, म्हणजे बरोबर नाताळात. मध्यरात्रीची मिस्सा, तिच्या गाण्यांच्या तालमी, घरात करंज्या-केकांचे डबे, पाहुणे. आणि लग्नं! नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे लग्नं सहसा टाळतात. मग नाताळ उरकला की राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे उपवासकाळ सुरू होईपर्यंत, निमंत्रणांची रांग लागते. वसईच्या लग्नात बँड ऐन रंगात येतो तेव्हा माझी झोपायची वेळ टळून गेलेली असते.

वेळेच्या बाबतीत देवाशी जमवून घेता येतं. त्याचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून येतं. मैत्रिणींचं तसं नसतं. ऑफिसातल्या शुक्रवारच्या जेवणांना मी दहादा नाही म्हटलं की अकराव्यांदा मला कुणी विचारणार नाही, हे मला दिसतं. म्हणून मी जाते, जेवते, साडेनऊची लोकल पकडते आणि दुसऱ्या दिवशी पळायचं आहे हे बोलून दाखवत नाही. धावणाऱ्यांची बडबड न धावणाऱ्यांना फार सोसवत नाही. जवळच्या मैत्रिणीचं लग्न असेल तर मात्र पल्ला गेला तरी जाऊ द्यावा असं माझं ठाम मत आहे. दम महिनोन्महिने बांधला जातो. आठवडाभराच्या खंडाने त्यातलं फारसं काही जात नाही. दोन आठवडे उलटले की फरक कळू लागतो. लग्न पुन्हा होत नाही.

उपवासकाळ शर्यतीनंतर येतो, हे बरंच आहे. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार हे सक्तीच्या उपासाचे दिवस. वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांपासून एकोणसाठीपर्यंतच्या सर्वांना एकच पूर्ण जेवण. त्या दिवशी मी धावत नाही. उपास करून पळण्यात काही पराक्रम आहे असं मला वाटत नाही, आणि तोवर वसईची हवाही दमट झालेली असते.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दाखला दिला, तो खेळाचा विषय निघाला की हमखास वाचला जातो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडा भरत. जिंकणाऱ्याला पाइनच्या किंवा सेलरीच्या पानांचा, म्हणजे लवकरच सुकणारा मुकुट मिळे. त्या नाशवंत मुकुटावरच पौलाचा रोख आहे. पळतात सगळे, बक्षीस एकालाच, असंही तो म्हणतो. आमच्या शर्यतींत शेवटच्यालाही पदक मिळतं, हे त्याला सांगायला हवं होतं.

मुंबई मॅरेथॉनमधली हाफ मॅरेथॉन माहीमहून सुटते, सेंट मायकल चर्चजवळून. बुधवारच्या नोव्हेनाला जिथे मुंग्यांसारखी माणसं असतात, तिथे त्या पहाटे माझ्यासारखे हजारो जण बुटांच्या नाड्या आवळत असतात. पुढे सागरी सेतू, मग पेडर रोडचा चढ. तिथे जपमाळ आपोआप सुरू होते, वेग मोजण्यासाठी नव्हे.

धावणाऱ्यांचे गट चालवणाऱ्यांना एक विनंती. सामूहिक लांब पल्ला दर वेळी रविवारीच ठेवू नका. महिन्यातून एकदा, चौथ्या शनिवारी ठेवून बघा. चर्चला जाणारे येतील, बँकवाले येतील, आणि रविवारी घरच्यांना वेळ देऊ पाहणारेही येतील.