हरणाऱ्याचा वाटा

२३ नोव्हेंबर २०२४ला उरण विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी संपली, तेव्हा भाजपचे महेश बालदी यांच्या नावापुढे ९५,३९० मतं होती. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) प्रीतम म्हात्रे ८८,८७८ मतांवर थांबले, तर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे मनोहर भोईर ६९,८९३ मतांवर. जिंकणारा आणि दुसरा यांच्यात अंतर होतं ६,५१२ मतांचं. दुसरा आणि तिसरा हे दोघेही एकाच महाविकास आघाडीतल्या पक्षांचे, आणि त्या दोघांच्या मतांची बेरीज होते १,५८,७७१.

ही बेरीज त्या रात्री उरणच्या नाक्यानाक्यावर झाली असेल. पण मतं म्हणजे भात नव्हे, एका कणगीतून काढून दुसऱ्या कणगीत ओतता येत नाहीत. दोघांपैकी एकानेच निवडणूक लढवली असती तर दुसऱ्याची सगळी मतं त्याला मिळालीच असती, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. तरीही प्रश्न उरतोच. प्रचारात एकजुटीच्या आणाभाका घेणारे मित्रपक्ष एका जागेपाशी आले की एकमेकांसमोर का उभे राहतात? त्याला ‘मैत्रीपूर्ण लढत’ असं गोड नाव दिलं, तरी बूथवर दिवसभर बसणाऱ्या कार्यकर्त्याला त्यातली मैत्री कुठे दिसते?

पाच वर्षं मागे गेलं तर याच मतदारसंघात दुसऱ्या बाजूला हीच गोष्ट घडलेली दिसते. २०१९मध्ये शिवसेना आणि भाजप यांची युती होती आणि जागा शिवसेनेकडे होती. उमेदवार होते तेव्हाचे आमदार मनोहर भोईर. भाजपचे बालदी मात्र अपक्ष उभे राहिले आणि ७४,५४९ मतं घेऊन निवडून आले. भोईर यांना ६८,८३९ मतं पडली आणि शेकापचे विवेक पाटील ६१,६०१ मतांसह तिसरे आले. त्याआधी २०१४मध्ये युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी दोन्ही मोडल्या होत्या, सगळे स्वबळावर लढले होते, आणि भोईर यांनी विवेक पाटील यांना अवघ्या ८११ मतांनी हरवलं होतं.

सलग तीन निवडणुका अशा काठावर गेल्या, कारण उरण हा एका पक्षाचा मतदारसंघ कधीच राहिलेला नाही. उरण तालुक्याला पनवेल आणि खालापूर तालुक्यांतली गावं जोडून तो बनला आहे. शेकापची जुनी गावं आहेत, शिवसेनेच्या शाखा आहेत, भाजपची वाढलेली ताकद आहे, काँग्रेसला मानणारी घराणी आहेत. इथे एकट्याच्या बळावर कुणीच निश्चिंत नसतो. म्हणूनच ‘आपण एक आहोत’ या शब्दाला इथे खरं मोल आहे, आणि तो मोडला की त्याची किंमत आकड्यांत मोजता येते.

इच्छुकांनी आधीच शब्द द्यायचा, की उमेदवारी कुणालाही मिळाली तरी आम्ही त्याचंच काम करू, ही पद्धत अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. तिथे उमेदवार आपल्यासारखा दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या बंगल्यात ठरत नाही. पक्षातले प्रतिस्पर्धी आधी आपसात प्राथमिक निवडणूक लढतात आणि मतदार कौल देतात. महिनोन्महिने एकमेकांवर तुटून पडलेल्या माणसांनी नंतर एका मंचावर यायचं, म्हणून त्यांच्याकडून लेखी वचन घेतलं जातं. २०१५च्या सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अशा वचनपत्रावर डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केली. पुढच्या मार्चमध्ये ट्रम्प, टेड क्रूझ आणि जॉन केसिक हे मैदानात उरलेले तिघेही त्या शब्दापासून मागे सरले. २०२३मध्ये त्याच पक्षाने अशी सही ही वादसभेत भाग घेण्याची अट केली. ट्रम्प यांनी सही केली नाही आणि वादसभेलाही ते गेले नाहीत. तरी उमेदवारी त्यांनाच मिळाली.

म्हणजे तिथेही कागदावरचा शब्द कच्चाच. तिथली पक्की गोष्ट वेगळी आहे. बहुतेक राज्यांत असा कायदा आहे, की प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याला त्याच जागेसाठी दुसऱ्या पक्षाकडून किंवा अपक्ष म्हणून मुख्य निवडणुकीत उभं राहता येत नाही. कनेक्टिकटमध्ये अशी आडकाठी नव्हती. तिथे जो लीबरमन २००६मध्ये पक्षातली लढत हरले आणि अपक्ष उभे राहून सिनेटवर निवडून आले.

आपल्याकडे तर कनेक्टिकटसारखी मोकळीक सगळीकडेच आहे. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे १९८५ साली राज्यघटनेला जोडलेलं दहावं परिशिष्ट, निवडून आलेल्या सदस्याला लागू होतो. इच्छुकाला तो लागू होत नाही. काल पक्षकार्यालयात हात उंचावून शपथ घेतलेला माणूस आज दहा सूचकांच्या सह्या घेऊन अपक्ष अर्ज भरू शकतो. पक्ष फार तर त्याला काढून टाकेल. अधिकृत उमेदवाराची ओळख म्हणजे एबी फॉर्म. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडावा लागतो आणि त्यावर पक्षाच्या अधिकृत माणसाची शाईची सही लागते. रबरी शिक्का चालत नाही, फॅक्सही चालत नाही. एका सहीला एवढं मोल आल्यामुळेच शेवटच्या रात्रीपर्यंत तो फॉर्म कुणाच्या खिशात आहे याच्या वावड्या उठत राहतात आणि इच्छुकांचा जीव टांगणीला लागतो.

त्यानंतर येतो माघारीचा दिवस. २०२४मध्ये तो ४ नोव्हेंबरला होता. माघारीची सूचना लेखी द्यावी लागते. उमेदवाराने स्वतः यायचं, किंवा सूचक अथवा निवडणूक प्रतिनिधीला लेखी अधिकार देऊन पाठवायचं. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. तीन वाजले की दार बंद. त्यानंतर कुणी कितीही जाहीर पाठिंबा दिला, तरी त्याचं नाव आणि चिन्ह मतदानयंत्रावर राहतंच. माघार घ्यावी म्हणून पैसे किंवा दुसरं काही देणं-घेणं हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो. तेव्हा उरते ती मनधरणी. दिवाळीचे दिवे अजून विझले नव्हते, अशा त्या दिवसांत राज्यभर नेते बंडखोरांच्या दारात बसले होते. पण ज्या माणसाला महिनाभर कुणी विश्वासात घेतलं नाही, त्याने शेवटच्या तासात मोठं मन दाखवावं ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

देवाला साक्षी ठेवलं तर शब्द टिकतो का? गोव्याने तेही करून पाहिलं. २०१७नंतर आमदार फुटून हात पोळलेल्या काँग्रेसने २२ जानेवारी २०२२ला आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ११ आमदार निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यांतले ८ भाजपमध्ये गेले, त्यात माजी मुख्यमंत्री दिगंबर कामतही होते. किमान दोन-तृतीयांश जण एकत्र गेले की दहाव्या परिशिष्टातली विलीनीकरणाची वाट खुली होते. आठ महिन्यांत तिन्ही देवस्थानांपुढची शपथ संपली. मला यात शपथ मोडणाऱ्यांइतकाच शपथ घ्यायला लावणाऱ्यांचा विचार करावासा वाटतो. पक्षात राहण्याचं कारण माणसाच्या हाती दिलेलं नसेल, तर त्याचा हात देवाच्या पायावर ठेवून काय साधणार?

याच्या उलट एक उदाहरण विदर्भात सापडतं. २०१४च्या लोकसभेसाठी राहुल गांधी यांच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्राथमिक निवडणूक घेतली. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा निवडले गेले. वर्ध्यात सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात लढत झाली. पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी मतदान केलं आणि मेघे जिंकले. लोकसभेत ते भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले आणि काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. पक्षांतर्गत हरलेल्या टोकस मात्र पक्षातच राहिल्या आणि २०१९ला वर्ध्याची उमेदवारी त्यांना मिळाली. त्याही हरल्या, पण आपला मुद्दा तो नाही. हरलेल्या माणसाला आपण कुणाकडून, किती जणांसमोर आणि कशाने हरलो हे ठाऊक होतं, आणि पुढची पाळी येण्याची वाट खुली होती.

एकजुटीचं मर्म मला इथे दिसतं. शपथ जिंकणाऱ्यासाठी नसतेच, तिची कसोटी लागते हरणाऱ्याजवळ. हरणाऱ्याचा वाटा आधी ठरला असेल तरच शब्द टिकतो. वाटा म्हणजे फक्त पद नव्हे. निवड कशी झाली हे उघडपणे कळणं हा एक वाटा. आपलं म्हणणं ऐकलं गेलं ही खात्री हा दुसरा. आणि पुढच्या वेळेचा शब्द पाळला जाईल हा विश्वास तिसरा.

उरणच्या २०२४च्या फाटाफुटीकडे या नजरेने पाहिलं की तिचं मूळ तीन-चार महिने आधी सापडतं. १२ जुलैला विधान परिषदेच्या निवडणुकीत शेकापचे जयंत पाटील हरले आणि ठाकरे यांच्या शिवसेनेचे मिलिंद नार्वेकर निवडून आले. मित्रांच्या मतांवर ज्याचा भरवसा होता, तो पक्ष हात चोळत बसला. त्यानंतर विधानसभेला उरणची जागा मित्रासाठी सोड, असं त्याला कोण कुठल्या तोंडाने सांगणार? शिवसेनेचीही बाजू होती. २०१४ला तिने ही जागा जिंकली होती, २०१९ला ती दुसरी होती, तिच्या शिवसैनिकांनी ती का सोडावी? दोघांचं म्हणणं खरं होतं, आणि दोघांमध्ये निवाडा करणारी, दोघांनाही मान्य असलेली व्यवस्थाच नव्हती. शेजारच्या पनवेल आणि पेणमध्येही हेच दोन पक्ष समोरासमोर आले आणि तिन्ही जागा भाजपने जिंकल्या. सांगोल्यातही ठाकरे यांची शिवसेना समोर होती, तरी शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. म्हणजे फुटलं की हरतंच असं नाही. पण सांगोल्यासारखी पकड प्रत्येक ठिकाणी नसते.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे, बंडाला मिळणारं फळ. १९९५मध्ये ४५ अपक्ष आमदार निवडून आले आणि सरकार बनवताना त्यांना मोल आलं. २०२४च्या लोकसभेत सांगलीत विशाल पाटील काँग्रेसशी बंड करून उभे राहिले, एक लाखाहून जास्त मतांनी जिंकले आणि मग काँग्रेसलाच पाठिंब्याचं पत्र दिलं. उरणमध्ये २०१९चे अपक्ष २०२४ला भाजपचे अधिकृत उमेदवार झाले. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही, कौल त्यांचाच. पण गावोगावचा प्रत्येक इच्छुक हे पाहत असतो. थांबलेल्याला काय मिळालं आणि न थांबलेल्याला काय मिळालं, हा हिशेब त्याच्या मनात पक्का बसतो. थांबणाऱ्याला पक्ष विसरत असतील, तर उद्या कोण थांबेल?

उरणच्या मातीला एकजूट नवी नाही. सप्टेंबर १९३०चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह याच तालुक्यातला. १९८४च्या १६ आणि १७ जानेवारीला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्याचं फळ. २०२१मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. १० जूनला मानवी साखळी झाली, २४ जूनला सिडकोला घेराव पडला. भाजप, शेकाप, काँग्रेस अशा एरवी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या पक्षांची माणसं त्यात खांद्याला खांदा लावून होती.

तिथे जमलं ते तिकिटात का जमत नाही? जमिनीच्या लढ्यात प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. ज्याची जितकी जमीन गेली, त्या मानाने त्याला भूखंड. कुणी जिंकला म्हणून कुणी हरत नव्हता. तिकीट एकालाच मिळतं, म्हणून उरलेल्यांचा वाटा मुद्दाम, आधी बसून ठरवावा लागतो. आपल्या गावक्यांना हे शहाणपण ठाऊक आहे. उपसरपंचपद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायचं ठरतं, तेव्हा पहिल्याला खुर्चीवर बसवण्याआधीच पाळ्या ठरतात आणि चार जाणत्यांसमोर शब्द होतो. कधी तोही मोडतो. पण मोडणाऱ्याला गावात मान खाली घालून चालावं लागतं, कारण तो शब्द सगळ्यांच्या कानांवर पडलेला असतो.

राजकीय पक्षांनी आणि आघाड्यांनी एवढं जरी केलं तरी पुष्कळ होईल. निवडणूक जाहीर होण्याआधी इच्छुकांना एकत्र बसवावं. निवड कशी करणार, कार्यकर्त्यांचं मतदान की पाहणी की मागच्या मतांचा हिशेब, हे त्यांच्याकडूनच मान्य करून घ्यावं. ज्यांना मिळणार नाही त्यांच्या पुढच्या पाळीचा शब्द जाहीर सभेत द्यावा आणि तो पाळावा. आणि आपण मतदारांनी, दारात आलेल्या प्रत्येक इच्छुकाला विचारावं, की तिकीट मिळालं नाही तर मतदानापर्यंत कुठे असाल, कुणाचं काम कराल? उत्तर चारचौघांत घ्यावं.

जानेवारीत जासईला आणि पागोट्याला हुतात्म्यांना वंदन करायला लोक जमतात. तिथे शेजारी उभा असलेला माणूस कोणत्या पक्षाचा, हे एकमेकांना चांगलं माहीत असतं. गेल्या निवडणुकीत तो आपल्याविरुद्ध बूथवर बसला होता, हेही लक्षात असतं. तरी दोघं शेजारी उभे राहतात, कारण त्या पाच जणांनी दिलेल्या प्राणांत आपला दोघांचा वाटा आहे, हे दोघांनाही मान्य असतं.