पायाला पाणी लागू नये म्हणून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे कितीतरी कामं पाण्यात उभं राहून करावी लागतात. कोकणात भाताची लावणी, खाडीत पाग टाकणं, सुकतीच्या वेळी कालवं आणि तिसऱ्या काढणं, कोळंबीच्या तळ्यात जाळं ओढणं. तिकडे भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढीवर बांधवांची मासेमारी आणि शिंगाड्याची तोडणी. आम्ही कवींनी पाण्यावर पुष्कळ लिहिलं. त्याच पाण्यात चार-चार तास उभ्या राहणाऱ्या पायांवर मात्र फारसं लिहिलं नाही. आज त्या पायांविषयी आणि ते कोरडे ठेवणाऱ्या एका वस्तूविषयी बोलायचं आहे.

या वस्तूला इंग्रजीत ‘वेडर’ म्हणतात. गमबूट आणि विजार एकत्र जोडल्यासारखा हा पोशाख. काही कमरेपर्यंत येतात, काही थेट छातीपर्यंत, आणि खांद्यावरच्या पट्ट्यांनी ते अडकवायचे. मराठीत त्याला शब्द नाही, म्हणून मी आपला ‘बूट-विजार’ म्हणतो. परदेशात हौशी गळवाले थंड नद्यांत उभं राहण्यासाठी ती वापरतात. आपल्याकडे ती हौसेची नाही, पोटापाण्याची वस्तू आहे. म्हणून ती घेताना डोळे उघडे ठेवायला हवेत.

आधी एक प्रश्न. पाय भिजले तर बिघडलं काय? आपले बापजादे भिजतच आले की! बिघडतं ते असं. लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू उंदीर-घुशींच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून साचलेल्या गोड्या पाण्यात येतात. पायाची बारीकशी जखम किंवा तासन् तास भिजून मऊ पडलेली कातडी ही त्यांची दारं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पुरापाठोपाठ या आजाराने मुंबईत माणसं नेली. भातशेतीत काम करणाऱ्यांनाही त्याचा धोका असतो. पाण्यात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर दुखणं अंगावर काढू नये, डॉक्टरांना ‘मी पाण्यात काम करतो’ हे आवर्जून सांगावं. खाऱ्या पाण्यात हे जंतू फारसे तग धरत नाहीत. पण तिथे कालवांच्या धारदार कडा आहेत, शिंगाळ्याचे काटे आहेत आणि चिघळणाऱ्या जखमा आहेत.

आता कापडाकडे येऊ. पाणी अडवणारं कापड ही तशी अलीकडची गोष्ट. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचं पेटंट घेतलं. पण ते रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली आणि रबराला टिकाऊपणा आला. १९३० साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झालं. पुढे पीव्हीसी आलं. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा पातळ, सच्छिद्र पापुद्रा बनवला. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते.

बाजारात आज या चारही घराण्यांचे पोशाख मिळतात. त्यातलं आपलं कोणतं? निओप्रीन जाड आणि उबदार असतं. ते बर्फाळ पाण्यासाठी. आपल्या उकाड्यात ते अंगावर चढवणं म्हणजे स्वतःला मोदकपात्रात ठेवणं. वाफ सोडणारं कापड सुखाचं खरं, पण महाग. शिवाय बाहेरची हवाच दमट असेल तर वाफ बाहेर जाण्याचा व्यवहार मंदावतो, आणि कालवाच्या एका ओरखड्याने त्या महाग पापुद्र्याचं काम संपतं. राहिले दोन. नायलॉनच्या कापडावर पीव्हीसीचा थर दिलेला पोशाख हलका आणि स्वस्त असतो, पण उन्हात पडून राहिला की त्यातला मऊपणा उडतो आणि घडीवर चिरा पडतात. रबराचा जड असतो, पण लवचीक, आणि मुख्य म्हणजे गावात दुरुस्त होतो. वर्षातून थोडेच दिवस लागणार असेल तर पीव्हीसी चालेल. रोजचं काम असेल तर रबराचं वजन सोसावं, असं माझं मत.

मात्र कापडापेक्षाही महत्त्वाची असते शिवण. पाण्याला वाट शोधायला कुणी शिकवावं लागत नाही. सुईचं प्रत्येक भोक ही त्याची वाट. नुसती शिवण कधीच पाणी अडवत नाही. तिच्यावर आतून पट्टी चिकटवलेली हवी किंवा जोड उष्णतेने सांधलेला हवा. दुकानात पोशाख उलटा करून सगळ्या शिवणींवरून बोट फिरवा. पट्टी कुठे सुटली आहे का, फुगा आला आहे का, हे बोटाला डोळ्याआधी कळतं. दोन जागा खास बघायच्या. पहिली जांघेतली. तिथे चारी बाजूंच्या शिवणी एकत्र येतात आणि प्रत्येक पावलाला ताणल्या जातात. दुसरी, बूट आणि विजार जिथे जोडले आहेत ती. पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त. मीटरभर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम. म्हणजे दाब सर्वांत जास्त घोट्याशी, आणि हालचालही तिथेच. गळती बहुधा इथूनच सुरू होते.

त्यानंतर माप. दुकानदार ‘बसेल हो’ म्हणतो, त्यावर जाऊ नका. पोशाख घालून उकिडवं बसा, एक पाय स्टुलावर ठेवा, गुडघा छातीपर्यंत आणा. जांघेत ताण आला तर माप लहान आहे आणि पहिल्या महिन्यातच शिवण जाईल. फार मोठा घेतला तर त्याच्या चुण्या एकमेकींवर घासतात आणि तिथे भोक पडतं. बूट पायात घट्ट बसायला हवा. सैल बूट खाडीच्या चिखलात तसाच रुतून राहतो आणि माणूस तोंडावर पडतो.

आमच्या मामूंच्या शेजाऱ्यांनी शहरातून अशी एक जोडी आणली. दुसऱ्याच दिवशी पाय ओले. दुकानदार म्हणाला, ‘चाचा, हे पाणी नाही, तुमचा घाम आहे.’ आता हे ओळखायचं कसं? घामाचा ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. गळतीचा एका ठिकाणाहून उगम पावतो आणि खाली उतरतो. तरी शंका असेल तर पोशाख सुकवून बांबूला टांगा आणि आत थोडं-थोडं करून पाणी भरा. बाहेर जिथे थेंब दिसेल तिथे खूण करा. किंवा अंधाऱ्या खोलीत आतून बॅटरी फिरवा. बारीक भोकातून प्रकाश बाहेर डोकावतो. शेजाऱ्यांनी पाणी भरून पाहिलं, तर डाव्या घोट्यापाशी टपटप थेंब. ती खूण दाखवल्यावर दुकानदाराने मुकाट्याने जोडी बदलून दिली. म्हणून पावती जपून ठेवावी आणि ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी.

भोक रबराला असेल तर सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि ट्यूबचा तुकडा पुरतो. जागा घासून, कोरडी करून मगच चिकटवायचा. पीव्हीसीवर ते सोल्यूशन नीट धरत नाही, त्याला पीव्हीसीचाच गोंद लागतो. काम झाल्यावर पोशाख गोड्या पाण्याने धुवा, आतून-बाहेरून सावलीत वाळवा आणि घडी न घालता उलटा टांगून ठेवा. ऊन आणि घडी हे त्याचे दोन वैरी, तिसरा उंदीर.

आता सर्वांत महत्त्वाचं. छातीपर्यंतचा पोशाख घालून माणूस पडला आणि आत पाणी भरलं, तर काय होतं? पाण्यात पाण्याचं ओझं होत नाही, त्यामुळे ते तुम्हाला तळाशी ओढत नाही. पण पाय हलवणं अवघड होतं आणि काठावर चढताना ते मणभर ओझं पाय उचलू देत नाही. म्हणून कमरेला, पोशाखावरून, रुंद पट्टा घट्ट आवळलाच पाहिजे. त्याने आत शिरणारं पाणी पुष्कळ अडतं. खांद्यांच्या पट्ट्या एका झटक्यात सुटणाऱ्या हव्यात, त्यांना गाठी मारू नयेत. वाहत्या पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि हातांनी काठाकडे सरका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडी किती वेगाने भरते हे खाडीकाठच्या माणसाला मी सांगायला नको. कोरडे पाय माणसाला धीट करतात आणि धीट माणूस एक पाऊल जास्त खोल जातो. आणखी एक. पाकटाचा काटा रबरातूनही आत जातो, म्हणून पाऊल उचलून न टाकता तळाशी घासत चालायचं ही जुनी रीत सोडू नये.

शेवटी एक गोष्ट मनाला लागते. हे पोशाख बहुतेक पुरुषांच्या मापाचे येतात. खाडीत वाकून कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या बहुतेक बाया. त्या साडी खोचून, अनवाणी किंवा फाटक्या चपलांनी पाण्यात उतरतात. एकटीला ही खरेदी झेपत नाही. पण मच्छीमार सहकारी संस्था आणि बचत गट जाळी आणि इंजिनं घेऊ शकतात, तर सर्व मापांच्या चार-सहा जोड्याही घेऊ शकतील. होडीला डांबर लागतं, जाळ्याला दुरुस्ती लागते, तसा पायाचाही खर्च धंद्याच्या हिशोबात धरायला हवा. खाडीवरचं बाकी सगळं कर्ज काढून नवं घेता येतं, पाय तेवढे घेता येत नाहीत.