अडचणीतली उपकारस्तुती

मराठी ख्रिस्ती घरांत आजारी माणूस बरा झाला किंवा नोकरी लागली, की पाळकांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना होते. गीते म्हटली जातात, चहापाणी होते.

पण दिवस कठीण असले तर?

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले ते बंदिवासातून, तरीही त्यात आनंद आणि आभार ओसंडतात. याचा अर्थ दुःखाला चांगले म्हणायचे, असा नाही. स्तोत्रसंहितेत आक्रोश आहे, तक्रारही आहे. आभार मानायचे ते संकटातही देव सोबत आहे म्हणून.

अशा कृतज्ञतेचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालात गेले, पुढे भाऊ आणि पतीही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या निराधार मुली-स्त्रियांना आसरा दिला. त्यांची कृतज्ञता सेवेतून दिसली.

मिरजेशेजारच्या कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कुटुंबालाही अशी कृतज्ञता जमण्याजोगी आहे. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत मागणे मांडण्याआधी दिवसभरात मिळालेली एक मदत आठवावी: पगार लांबला तेव्हा उधारीवर किराणा देणारा दुकानदार, पाळी बदलून घेणारा सहकारी. आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाचेही आभार मानावेत.