बोनेटखालचं पाणी

कूलंटच्या डब्यावर बहुतेकदा ‘अँटीफ्रीझ’ असं छापलेलं असतं. ते वाचून आपल्याकडच्या अनेक गाडीवाल्यांना वाटतं, की ही भानगड मनाली-लेहवाल्यांची. निफाडला कितीही कडाक्याची थंडी पडली तरी रेडिएटर काही गोठत नाही. खरं आहे, गोठत नाही. पण जानेवारी सरून मे उजाडला, की नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि हाच डबा तिथे कामाला येतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं, तर ते मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं. वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब असतो, त्यामुळे हा आकडा १२० च्याही पुढे सरकतो. चालत्या इंजिनात कूलंट नेहमीच ९० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. उन्हात, चढावर, एसी लावून निघालेल्या गाडीला ही मधली तीस-पस्तीस अंशांची सवलत लागते.

थंडीत कूलंट थोडं कमी असलं तरी गाडी तक्रार करत नाही. म्हणून तपासणीचा मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा. सकाळी इंजिन थंड असताना बोनेट उघडून प्लॅस्टिकच्या टाकीकडे नुसतं पाहायचं: पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या दोन रेघांच्या मध्ये हवी. झाकण उघडायचीही गरज नसते. गरम गाडीचं झाकण तर उघडूच नये. वाफ जिरायच्या आत कुकर उघडला तर जे होतं, तेच इथे होतं. फक्त अंगावर वरणाऐवजी उकळतं कूलंट येतं.

पातळी खाली दिसली की घरातली बाटली भरून ओतायची, ही आपली जुनी सवय. बोअरच्या पाण्याने बंबात आणि गीझरच्या कॉइलवर कसा पांढरा थर धरतो, हे घरोघरी माहीत आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसला, की उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. शिवाय पाणी वाढत गेलं, की गंज रोखणारी रसायनंही पातळ होतात. अडीअडचणीला डिस्टिल्ड वॉटर चालेल. उलट टोकाचा उत्साहही नको: निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, म्हणून ‘कॉन्सन्ट्रेट’ लिहिलेला डबा तसाच ओतून उपयोग नाही. हिरवं, गुलाबी, निळं या रंगांवरही भिस्त ठेवू नये. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. कोणतं कूलंट घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावं. आणि दर महिन्याला भर घालावी लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधायला मिस्त्रीकडेच जावं लागेल.

रेडिएटरमध्ये पाणी जागेवर असतं. ब्रेक ऑइलमध्ये ते घुसखोर असतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर जास्तच. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर त्याच्यासाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो शिमग्याला, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, पुढे रखडलेला ट्रक आणि पाय सतत ब्रेकवर. चाकापाशी ऑइल उकळलं, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे पेडल मऊ होऊन खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा म्हणतात, त्यात हेही एक शहाणपण आहे.

म्हणून बहुतेक कंपन्या दोनेक वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. पातळी हळूहळू उतरली, तर पॅड झिजले असण्याचा संभव अधिक. वरून ऑइल ओतून रेघ गाठली, की ती खूण पुसली जाते. आणि हो, हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं. ते रंग खातं.

इंजिन ऑइलवर ‘५डब्ल्यू-३०’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडीत ऑइल किती सहज वाहतं, ते त्याच्या आधीचा आकडा सांगतो. हिवाळाभर मुलांना शाळेत सोडून परत, एवढीच दोन किलोमीटरची फेरी झाली असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेलं दव उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढुरका थर दिसतो तो त्याचाच. तासभराच्या लांब फेरीने तो बहुधा जातो. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ चहासारखं दिसलं आणि कूलंटही कमी होत असलं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी चालवत न नेता टोइंग करून न्यावी.

बॅटरी भरणीची असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. उन्हाळ्यात ते लवकर आटतं. वायपरच्या टाकीत काय आहे, ते काचेवर दोन महिन्यांची धूळ बसल्यावर कळतंच.

राहिली गळती. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली, की सकाळी निकाल हातात येतो. काळा-तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बुळबुळीत थेंब असेल तर गाडी जागेवरच ठेवावी, कारण ते ब्रेक ऑइल असू शकतं. हिरवं किंवा गुलाबी कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं चाटायच्या आत पुसून काढावं. मार्चमध्ये पहिल्यांदा एसी लावून आल्यावर मात्र खाली स्वच्छ, बिनवासाच्या पाण्याचं थारोळं दिसतं आणि घाबरून गॅरेजला फोन जातात. ते एसीतून निथळलेलं हवेतलंच पाणी. ते गळू द्यावं.