करंगळीला मुंग्या येतात का?

यावल तालुका म्हणजे केळी. तरी कोरडवाहू शिवारात कापूस आहेच, आणि वेचणीच्या दिवसांत रात्री दोन-अडीचला उठून हात झटकत बसणाऱ्या बायाही आहेत. दिवसभर बोंडातून कापूस ओढायचा आणि कमरेच्या ओटीत टाकायचा. अंगठा आणि दोन बोटांची तीच ती चिमटी. मग रात्री हाताला मुंग्या येतात, बोटं जड होतात, झटकल्यावर जरा बरं वाटतं. ‘रक्त थांबलं’ असं म्हणतात. रक्त मात्र व्यवस्थित वाहत असतं, दबलेली असते ती नस.

मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडांची कमान, वर जाड पट्टा. त्यातून बोटं मिटवणारे 9 दोर जातात आणि त्यांच्याच दाटीत एक नस. दोरांचं आवरण सुजलं की जागा पुरत नाही. दोर चिवट असतात, मार खाते ती नस. झोपेत मनगट दुमडलेलं राहतं, दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. म्हणून डॉक्टर आधी करंगळीचं विचारतात. मुंग्या नेमक्या तिथेच असतील तर दोष कोपरात किंवा मानेत शोधावा लागतो. घरी पाहायचं तर दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटं दुमडून मिनिटभर धरा. मुंग्या उठल्या तर संशय पक्का.

उपाय साधा आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायचं, काही आठवडे न चुकता. नाहीच भागलं तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि शेवटी छोट्या शस्त्रक्रियेने वरचा पट्टा कापून नसेला जागा करून देतात. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बसत चालला असेल तर मात्र थांबू नये. साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावं, दोन्हींमुळे हे दुखणं जडतं. गरोदरपणातलं बहुतेकदा बाळंतपणानंतर निवतं. आपल्याकडे ‘ताकदीची सुई’ टोचून घ्यायची भारी हौस. तिने बोगदा रुंद होत नाही.

मांडे करणारीचं दुखणं वेगळं. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीएवढा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे जास्त असले की कळ अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला उठते. तिथे अंगठ्याचे दोन दोर एकाच म्यानातून जातात, ते म्यान सुजतं. फ्रित्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने 1895 मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हापासून दुखण्याला त्याचंच नाव. तान्ह्या बाळाला काखेत अंगठे घालून उचलणाऱ्या आईलाही हेच होतं. तिने तळहात बाळाच्या खाली घालून उचलावं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं की डोळ्यांत पाणी येतं. अंगठ्यासकट पट्टा आणि विश्रांती, नाहीतर इंजेक्शन. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

बोट मिटल्यावर अडकतं आणि ‘कट्’ करून सुटतं, ते दोराला गाठ आल्यामुळे. दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेली, सकाळी तासभर मूठ वळत नाही, असं असेल तर आमवाताची रक्ततपासणी करावी. चिकुनगुन्यानंतरही मनगटं महिनोन्‌महिने धरलेली राहतात.

पडून हात टेकला असेल तर गोष्टच निराळी. केळीच्या बागेत पाणी दिल्यावर पाय सरकतो, माणूस तळहातावर पडतो. मनगटात 8 छोटी हाडं, त्यातलं अंगठ्याकडचं होडीच्या आकाराचं हाड मोडतं आणि पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही. ‘काही नाही, लचक आहे’ म्हणून चोळणं सुरू होतं. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने येतं; मधे मोडलं की दुसरं टोक उपाशी राहून मरू शकतं. अंगठा वर ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे चांगला असला तरी हात प्लास्टरमध्ये ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. तोवर तेलाची बाटली फडताळातच राहू द्यावी.