संमतीचा हक्क : मुळशी पेट्यापासून सह्याद्रीतील ग्रामसभांपर्यंत

आदिवासींच्या हक्कांचा प्रश्न म्हटला की महाराष्ट्रात गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबार ही नावे पुढे येतात आणि पुण्यासारख्या शहराचा त्याच्याशी संबंध फार तर अभ्यासकाचा किंवा देणगीदाराचा असावा, असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी आणि भोर या तालुक्यांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी हे समाज पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत, शहराच्या व शेतीच्या पाण्याची धरणे याच डोंगररांगांच्या खोऱ्यांत बांधली गेली आहेत, आणि आदिवासी म्हणजे कोण, या देशव्यापी वादातील एक महत्त्वाचा ग्रंथही पुण्यातूनच प्रसिद्ध झाला आहे. या साऱ्या इतिहासातून एकच कळीचा मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो. जमीन, जंगल आणि पाणी यांच्याविषयी निर्णय घेताना तेथे राहणाऱ्या समूहाची संमती ही बंधनकारक अट मानायची, की कागदोपत्री उरकायचा उपचार, हा तो मुद्दा होय.

मूलनिवासी कोण : जागतिक व्याख्या आणि पुण्यातील वाद

आंतरराष्ट्रीय कायद्यात 'मूलनिवासी समूह' या संज्ञेची एकच बंदिस्त व्याख्या केलेली नाही. वसाहतीच्या किंवा आधुनिक राज्यसंस्थेच्या स्थापनेपूर्वीपासून एखाद्या प्रदेशात राहणारे, स्वतःच्या सामाजिक व सांस्कृतिक संस्था टिकवून असलेले आणि स्वतःला वेगळा समूह मानणारे लोक, असा तिचा ढोबळ आशय आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ मध्ये या समूहांविषयीचा करार क्रमांक १०७ संमत केला आणि भारताने १९५८ मध्ये त्याला मान्यता दिली. या समूहांनी हळूहळू बहुसंख्य समाजात मिसळून जावे, अशी त्या करारामागील धारणा होती. १९८९ च्या करार क्रमांक १६९ ने ती धारणा सोडून दिली आणि या समूहांना आपल्या विकासाचा अग्रक्रम स्वतः ठरवण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. हा करार भारताने स्वीकारलेला नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. मात्र स्वातंत्र्यानंतर भारतातील सर्वच नागरिक मूलनिवासी आहेत, ही आपली भूमिका कायम ठेवली.

या भूमिकेची वैचारिक पार्श्वभूमी जुनी आहे. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांचा 'तथाकथित' मूलनिवासी आणि त्यांचे भवितव्य या विषयावरील ग्रंथ १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. आदिवासी हे वेगळे लोक नसून 'मागासलेले हिंदू' आहेत आणि उर्वरित समाजाशी एकरूप होण्यातच त्यांचे हित आहे, असे प्रतिपादन त्यात होते. त्यांच्या टीकेचे प्रमुख लक्ष्य असलेले व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये ख्रिस्तसेवा संघात काम करण्यासाठी प्रथम पुण्यातच आले होते. पुढे मध्य प्रांतातील गोंड आणि बैगा यांच्यामध्ये राहून त्यांनी आदिवासींच्या जंगल व जीवनपद्धतीच्या संरक्षणाची बाजू मांडली. या वादात दोन्ही पक्ष विद्वान होते, दोघांचाही कळवळा खरा होता, परंतु ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता त्यांचे मत विचारण्याची पद्धत त्या वेळी रूढ नव्हती. १९४६ मध्ये संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा उभे राहिले, तेव्हा हे मत देशाच्या सर्वोच्च व्यासपीठावर प्रथमच थेट ऐकू आले.

मुळशीचा धडा

संमतीचा प्रश्न पुण्यात मात्र त्याच्या पाव शतक आधीच रस्त्यावर आला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरवले आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने त्यासाठी मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावांना झळ पोहोचवणारे संपादन सुरू केले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडून काम थांबवले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. नारायण पेठेतील गायकवाड वाड्यातून निघणारा 'केसरी' आणि त्याचे संपादक न. चिं. केळकर यांचा सत्याग्रहाच्या आरंभी त्याला पाठिंबा होता. परंतु मुळशीतील बऱ्याच जमिनी पुण्याच्या पेठांतील सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यांना धरणापेक्षा मोबदल्याच्या रकमेत अधिक रस होता, ही बाब राजेंद्र व्होरा यांनी आपल्या संशोधनात सविस्तर मांडली आहे. जमीन कसणारा आणि जमिनीचा कागद बाळगणारा यांच्यातील ही दरी लढ्याला भोवली. १९२४ पर्यंत सत्याग्रह विझत गेला आणि पुढे धरण पूर्ण झाले.

मुळशीचे मावळे आदिवासी म्हणून नोंदलेले नव्हते, तरीही ज्या प्रश्नाला पुढे आंतरराष्ट्रीय कायद्यात 'मुक्त, पूर्वसूचित आणि माहितीपूर्ण संमती' असे नाव मिळाले, तोच त्यांनी उपस्थित केला होता. ही संमती दबावाविना, काम सुरू होण्याआधी आणि सर्व माहिती समोर ठेवून घेतली जावी, असा या संज्ञेचा अर्थ आहे. नॉर्वेतील आल्टा नदीवरील धरणाचा इतिहास येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. १९७९ ते १९८१ या काळात तेथील सामी मूलनिवासींनी धरणाला विरोध केला, ऑस्लोमध्ये उपोषण केले, न्यायालयात हार पत्करली आणि १९८७ मध्ये ते धरण पूर्णही झाले. पण त्या पराभवातून नॉर्वेने १९८९ मध्ये सामींची निर्वाचित संसद स्थापन केली, १९९० मध्ये करार क्रमांक १६९ ला सर्वांआधी मान्यता दिली आणि २००५ मध्ये फिनमार्क प्रांतातील जमिनीच्या कारभारात स्थानिकांना वाटा दिला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि देशात तो पहिलाच होता, याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र पुनर्वसन निर्णयानंतर सुरू होते, संमती निर्णयाआधी घ्यायची असते, आणि ती मागण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.

हिरडा, पडकई आणि गाळपेर

आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागातील महादेव कोळी समाजाचे जीवन भात, नाचणी, वरई आणि जंगल यांवर उभे आहे. येथे 'पडकई' नावाची पद्धत आहे. गावातील कुटुंबे पाळीपाळीने एकमेकांच्या उताराच्या जमिनीवर एकत्र राबतात, दगडमातीच्या ताली घालतात आणि डोंगरउतारावर भातखाचर तयार करतात. मजुरी रोखीने न देता श्रमाची परतफेड श्रमानेच केली जाते. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने या पद्धतीला रोजगार हमीच्या कामाशी जोडण्याचा प्रयत्न केला. घोड नदीवरील डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेण्याचा, म्हणजेच 'गाळपेर' करण्याचा, आणि जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क संघटितपणे मागितला, तेव्हाही याच संस्थेची साथ त्यांना होती.

जंगलातून मिळणाऱ्या उत्पन्नात हिरड्याचे स्थान विशेष आहे. झाडावर चढून कोवळी, न पिकलेली फळे उतरवायची, ती उन्हात काळी पडेपर्यंत वाळवायची आणि हा 'बाळहिरडा' व्यापाऱ्याला किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर घालायचा, हा उन्हाळ्यातील क्रम आहे. औषधे, रंग आणि कातडी कमावणे यांसाठी हिरड्याला मागणी असते आणि पावसाळ्यापूर्वीचा रोख पैसा अनेक घरांना त्यातूनच मिळतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याचे मोठे नुकसान केले, परंतु नुकसानभरपाईची सरकारी व्यवस्था शेतपिके आणि फळबागा यांभोवती आखलेली असल्याने हिरड्याच्या भरपाईसाठी शेतकऱ्यांना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. जे उत्पन्न सरकारी नोंदीत नाही, त्याचे नुकसानही नोंदवले जात नाही.

याच परिसरात १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले हे जंगल ज्या देवरायांमुळे टिकले, त्या देवाच्या नावाने राखून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतील झाड तोडण्यास गावाचीच बंदी होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या पुण्यातील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि लोकांच्या श्रद्धेने जपलेल्या या वनखंडांचे मोल शास्त्रीय परिभाषेत मांडले. जंगल राखण्याची ही व्यवस्था गावात आधीपासून असताना अभयारण्याच्या नियमनात गावाला केवळ बंधनेच मिळाली, ही विसंगती आजही पूर्णपणे दूर झालेली नाही.

घराखालची जमीन

कातकरी समाजाची स्थिती याहून बिकट आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना केंद्र सरकारने 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हणून मान्यता दिली आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा पूर्वापार व्यवसाय ब्रिटिशांच्या वनकायद्यांनी जवळजवळ संपवला. त्यानंतर कोळसा पाडणे, शेतमजुरी आणि वीटभट्टी हेच पर्याय उरले. दसरा-दिवाळीच्या सुमारास भट्टीमालकाकडून 'उचल' घ्यायची, कुटुंबासह भट्टीवर जायचे आणि पावसाळा तोंडावर आला की परतायचे, या चक्रात मुलांची शाळा सुटते आणि हिशेबात उचल फिटत नाही. वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्याने नष्ट झाली. पण 'उचल' जिथे पुढच्या हंगामाचे बंधन बनते, तिथे त्या कायद्याचे काम अपुरेच राहिले आहे.

याहून मूलभूत अडचण घराखालच्या जमिनीची आहे. अनेक कातकरवाड्या दुसऱ्याच्या खासगी सर्व्हे नंबरवर वसलेल्या आहेत. पूर्वी ओसाड असलेल्या त्या जमिनीला रस्ता, फार्महाऊस किंवा वसाहत येताच भाव येतो आणि सातबारावर नाव नसलेल्या कुटुंबांना जागा सोडण्यास सांगितले जाते. सातबारा नसल्याने घरकुल योजना, पाणीपुरवठा आणि वीज यांचे प्रस्तावही रखडतात. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत अशा गटांसाठी पक्क्या घरांची तरतूद आहे, परंतु ज्या जमिनीवर घर बांधायचे तीच स्वतःची नसेल, तर योजनेचा पैसा दारापर्यंत येऊन परत जाण्याचा धोका राहतो. महसूल कायद्यानुसार गावठाण विस्तार करून अशा वाड्यांची जागा नियमित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. हा निर्णय घेण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ग्रामसभेचे दोन कायदे

संमतीचे तत्त्व भारतीय कायद्यात दोन टप्प्यांत आले. १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने, म्हणजे 'पेसा'ने, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीवर अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे मान्य करून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यातील जमिनीचे वैयक्तिक हक्क आणि जंगल राखण्याचे व वापरण्याचे सामूहिक हक्क मान्य केले. दावा ग्रामसभेत दाखल होतो, वनहक्क समिती पडताळणी करते, मग उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समिती निर्णय देते. पुराव्यात गावातील वडीलधाऱ्यांच्या निवेदनालाही स्थान आहे. या दोन कायद्यांत एक मोठा फरक आहे. पेसा क्षेत्राला लागू होतो, व्यक्तीला नाही. त्यामुळे आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील अनुसूचित गावांना जे अधिकार मिळतात, ते मुळशी किंवा भोर येथील कातकरवाडीला मिळत नाहीत. तेथे वनहक्क कायदा हाच एकमेव आधार उरतो.

कायदा प्रामाणिकपणे राबवला तर काय घडते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून एकमताने निर्णय घेणारी ग्रामसभा तेथे उभी राहिली, २००९ मध्ये तिला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही गावाकडे आला. ओडिशातील नियमगिरी येथे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. याउलट २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनजमीन वळवण्यास केंद्राने मान्यता दिल्यानंतर वनहक्कांची पूर्तता राज्याने करावी, असा क्रम लावला. त्यामुळे आधी निर्णय आणि नंतर संमती अशी उलटी स्थिती निर्माण होते.

हक्क आणि आरोग्य यांचाही संबंध जवळचा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील गावांत प्रशिक्षित स्थानिक महिलांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला; त्याने बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटवता येतात, हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. आरोग्यसेवा गावाच्या हाती गेली की ती पोहोचते, हा त्याचा निष्कर्ष आहे आणि जंगल, शाळा व भाषा यांनाही तोच लागू पडतो.

पुणे जिल्ह्यापुरते तीन निर्णय तातडीचे आहेत. प्रत्येक कातकरवाडीची मोजणी करून घराखालची जमीन कुटुंबाच्या, पती-पत्नी दोघांच्या नावे करावी; सामूहिक वनहक्काचे दावे करण्यासाठी ग्रामसभांना नकाशे, जुन्या नोंदी आणि तांत्रिक मदत पुरवावी; आणि धरण, रस्ता किंवा पर्यटन प्रकल्पाची मान्यता ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय पुढे सरकू नये, असा दंडक जिल्हा पातळीवरच घालून द्यावा. मुळशीच्या काळात पुण्यातील वाचकांनी आणि वृत्तपत्रांनी सुरुवातीला साथ दिली आणि नंतर ती सैल होऊ दिली. या वेळी ती शेवटपर्यंत टिकवणे, ही शहरातील प्रत्येक नागरी संस्थेची, वृत्तपत्राची आणि सुजाण वाचकाची जबाबदारी आहे.