आत्यासाठी तळमजला

निपाणीत माझी आत्या एकवीस वर्षं एका माडीवर भाड्यानं राहिली. लाकडी जिना, चौदा पायऱ्या, धरायला दोर. गेल्या पावसाळ्यात ती खालून तिसऱ्या पायरीवर घसरली. हाड वाचलं, पण "आता गुडघं बोलतंय बघ" असं ती स्वतःच म्हणाली, आणि आम्ही भाचरं-पुतणी कामाला लागलो. मी बेंगळुरूला, चुलतभाऊ पुण्यात. काका गेल्यावर मिळणारी फॅमिली पेन्शन हेच तिचं उत्पन्न, आणि भाडं त्यातूनच द्यायचं ही तिची अट.

पुण्यात ज्येष्ठांसाठी 'अथश्री'सारख्या खास सोसायट्या आहेत. आपल्या भागात तशा घराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. इथं मिळतो तो बंगल्याचा खालचा भाग किंवा मागच्या अंगाच्या दोन खोल्या. त्यातच जिना नाही, संडास घरात आहे, न्हाणीची फरशी गुळगुळीत नाही, एवढं बघायचं. बेळगावात घर बघताना पाण्याचं आधी विचारावं. तिथल्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी दिवसांचं अंतर असतं. पाणी कधी येतं आणि भरतं कोण, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं.

चुलतभावाचा आग्रह बेळगावचा. टिळकवाडीत लिफ्टचा फ्लॅट, केएलईचं हॉस्पिटल गावात. आत्या म्हणाली, "अरे बाळा, हॉस्पिटलात मी वर्षातनं दोनदा जाणार. बाकीचे दिवस कुणाशी बोलू?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. निपाणीच ठरलं.

खरी अडचण पुढंच होती. चार घरमालकांनी खोल्या दाखवल्या आणि म्हातारी एकटी राहणार म्हटल्यावर "घरात विचारून सांगतो" म्हणाले. मला राग आला. पण पाचव्या घरच्या काकूंनी सरळ विचारलं, "रात्री काही झालं तर मी कुणाला उठवू?" त्यांचं चुकत नव्हतं. बेंगळुरूचा माझा नंबर रात्री दोन वाजता त्यांच्या काय कामाचा? मग आम्ही गावातल्याच दोघांना विचारलं, त्यांचे नंबर, आत्याच्या डॉक्टरांचं नाव आणि औषधांची यादी एका कागदावर लिहून काकूंना दिली. जादा किल्ली शेजारी. त्या कागदानं जे झालं ते आमच्या पगाराच्या स्लिपांनी झालं नव्हतं.

मध्येच अर्जुननगरची एक छान जागा आली होती. देवचंद कॉलेजचा तो भाग आपण बोलताना निपाणीच म्हणतो, पण तो कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. घर बदललं की राज्य बदलतं! कर्नाटकच्या पत्त्यावर महिलांना जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्यात साध्या बसचा प्रवास मोफत आहे. तिकडं एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. आत्या ७३ ची. शिवाय इकडं 'गृहज्योती'त २०० युनिटपर्यंतची वीज भाडेकरूलाही मोफत मिळू शकते, मात्र सरासरी वापरावर मर्यादा ठरते. आधीच्या भाडेकरूनं आपलं आधार त्या मीटरच्या आर.आर. नंबरापासून सोडवलंय का, हे आधी बघून घ्या. आत्या म्हणाली, या वयात आधार कार्डावरचं राज्य कोण बदलत बसणार? विषय संपला.

करारात मात्र मी हट्ट धरला. अकरा महिन्यांचा कागद आपल्याकडं सर्रास करतात, कारण एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. (महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची.) तरुण माणसाला अकरा महिने ठीक आहेत. ७३ व्या वर्षी दर अकरा महिन्यांनी 'आता काढतील का' या धास्तीत कसं राहायचं? आम्ही तीन वर्षांचा करार करून नोंदवला, दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहिली, घर सोडायला सांगायचं तर तीन महिन्यांची सूचना. नोंदणीचा खर्च आम्ही दिला. न्हाणीत धरायला दांडा बसवायची परवानगीही त्यातच लिहून घेतली. नंतर भिंतीला भोक पाडण्यावरून वाद नको.

एकरकमी मोठी रक्कम ठेवून बिनभाड्याचं 'लीज'वर घर देऊ म्हणणारेही भेटले. पेन्शनवाल्यांना ते स्वस्त वाटतं. पण म्हातारपणची सगळी पुंजी एका माणसाच्या हातात जाते, आणि ती त्यानं खर्च केली तर परत मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या. आम्ही नको म्हटलं.

आत्या दिवाळीआधी राहायला गेली. परवा फोनवर तक्रार होती: माडीवरून सगळी गल्ली दिसायची, इथं खिडकीतून फक्त काकूंची तुळस दिसते. म्हणून ती संध्याकाळी खुर्ची दारात टाकून बसते.